बॉसच्या शेजारची मुलगी

गाडी चालवायला शिकायला आलेला माणूस मागचं दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसला, तेव्हाच ठकीला कळायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

ती पुढे, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसून त्याची वाट बघत होती. आरशात तिला आधी एक चष्मा दिसला, मग कपाळावर आलेले केस, मग पोटाशी घट्ट धरलेली एक पिशवी. पिशवीवाल्याने दार लावून घेतलं, नीट टेकून बसला आणि अदबीने म्हणाला, "चला."

"मागे बसवून शिकवायची सोय आमच्याकडे अजून आलेली नाही," ठकी आरशात बघूनच म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या स्टिअरिंगकडे पाहिलं... आणि त्याचे कान हळूहळू लाल झाले. घाईघाईने उठताना डोकं टपाला आपटलं. बाहेर पडून त्याने, देव जाणे का, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि मग चालकाच्या सीटवर येऊन बसला.

"मागे बसायची सवय आहे मला," तो म्हणाला.

"गाडीत?"

"एकंदरीतच."

ठकीने ओठ दाताखाली धरला. पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला हसायचं नाही हा क्लासचा नियम होता, आणि नियम आईने केलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हतं.

क्लास आईचाच. एका बंद गोदामाचं अंगण, कोपऱ्यात ऑफिस म्हणायची एक खोली आणि दोन गाड्या. पांढरी आई चालवायची, निळी ठकी. शिकायला येणारे आईला मोठ्या मॅडम म्हणत आणि ठकीला छोट्या मॅडम. ठकी हे तिचं घरातलं नाव. ती जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी टक लावून बघत होती, म्हणून बाबांनी ठेवलेलं. खरं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं.

पिशवीवाला लेखक होता. सिनेमाच्या पटकथा लिहायचा. त्याने लिहिलेल्या एका प्रसंगात नायक थेट तिसऱ्या गिअरवर गाडी सुरू करून पळून गेला होता, आणि ते वाचून सगळं युनिट दिवसभर हसत होतं. आता हाती घेतलेल्या कामात तर पानापानावर गाड्या होत्या. तेव्हा अब्रू राखायची तर शिकायलाच हवं, असं त्याने खालमानेने सांगितलं.

शिकणारा म्हणून तो अगदीच आनंदीआनंद होता. गाडी बंद पडली की तो गाडीची माफी मागायचा. रस्त्यात दिसेल त्याला आधी जाऊ द्यायचा — पायी चालणारे, सायकलवाले, कडेला आळोखेपिळोखे देणारं कुत्रं... टपालपेटीला पाय असते तर तिलाही दिलं असतं. पण बोलायचा छान. बोलताना स्टिअरिंगवरचे हात सैल व्हायचे, आणि ठकी म्हणायची, "लेखकमहाशय, रस्ता." तो म्हणायचा, "हो हो, रस्ता." आणि पुन्हा बोलायला लागायचा.

दुसऱ्या आठवड्यात मोठ्या चौकातल्या लाल दिव्यापाशी ठकीने सहज विचारलं, की हा एवढ्या गाड्यांचा सिनेमा आहे तरी कसला.

"नवा नाही, जुनाच आहे. नव्याने करताहेत," तो म्हणाला. "बॉसचा सिनेमा."

दिवा हिरवा झाला. त्याने क्लच सोडला, गाडी हलली... आणि ठकीचा पाय आपोआप तिच्या बाजूच्या ब्रेकवर पडला. गाडी आचका देऊन थांबली. मागे हॉर्नचा गिल्ला उठला. लेखकाने सवयीने गाडीची माफी मागितली. चूक त्याची नव्हती हे तिने त्याला सांगितलं नाही.

त्या सिनेमाचं खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं. सगळे त्याला बॉसचा सिनेमा म्हणत. ओल्या गल्ल्या, लांब सावल्या, गोदीवर राज्य करणारा बॉस आणि त्याचा तो राखाडी कोट. न्हाव्याच्या दुकानात बसलेली माणसंसुद्धा बॉससारखी मान तिरकी करून "बघून घेऊ" म्हणायची. आणि बॉसच्या गाडीत, बॉसच्या शेजारी, एक मुलगी बसलेली असायची. अख्ख्या सिनेमात ती हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच वाक्यं बोलते आणि शेवटी बॉसला लागायची गोळी आपल्या अंगावर घेऊन मरते.

ती मुलगी म्हणजे ठकीची आई.

आईने तेवढा एकच सिनेमा केला. मग तिने एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं आणि पडद्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. वळून पाहायचे ते बाबा. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ते हा सिनेमा लावायचे. आई शेजारी मटार सोलत बसायची. पडद्यावर गोळी सुटायची, मुलगी बॉसच्या खांद्यावर मान टाकायची, आणि बाबा हुंदके देऊन रडायला लागायचे. आई म्हणायची, "अहो, मी इथे आहे. ते पातेलं जरा इकडे सरकवा." दर वर्षी हेच. दोघांच्या मधे बसून ठकी हसून हसून लोळायची.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली होती. त्यानंतर तो सिनेमा घरात कोणी लावला नव्हता.

"तुम्ही पाहिलाय?" लेखकाने विचारलं.

"पाहिलाय... कधीतरी," ठकी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण तिला वाटलं, हा काय करणार आहे ते आधी ऐकावं. माझी आई कोण हे कळलं तर हा गोडगोड बोलेल, खरं काही सांगणार नाही.

म्हणून ती नुसती प्रेक्षक होऊन भांडू लागली. आणि भांडण रंगलं. तिचं म्हणणं, चांगल्या वस्तूला हात लावू नये. नवं सुचत नसेल तर लेखकांनी सरळ दुसरा धंदा बघावा. तो म्हणाला, नाटक तेच असतं, नट बदलतात, त्याला कोणी नावं ठेवतं का? ती म्हणाली, नाटक रोज नव्याने उभं राहतं. सिनेमा एकदाच होतो, म्हणून तर तो जपायचा. तो म्हणाला, जपायला कोणाची ना आहे, जुना काही कोणी जाळून टाकत नाहीये. यावर तिला लगेच उत्तर सुचलं नाही, म्हणून तिने त्याला चढावर गाडी उलटी लावायला सांगितली.

पण एक दिवस, नदीकाठच्या रिकाम्या रस्त्यावर, तो चष्मा पुसता पुसता वेगळ्याच आवाजात बोलला.

"मी लहानपणापासून किती वेळा पाहिला असेल हा सिनेमा. बॉसची प्रत्येक लकब मला पाठ आहे. पण मध्ये परत पाहिला, तर लक्षात आलं — तो शिंपी आहे ना, जो बॉसला हप्ता द्यायला नकार देतो आणि मरतो? त्याचा चेहरा मला आठवेना. बॉसच्या कोटाचं कापड आठवतं. ज्याने तो शिवला, त्याचं तोंड आठवत नाही." त्याने चष्मा लावला. "आपण इतकी वर्षं चुकीच्या माणसावर प्रेम केलं, छोट्या मॅडम. म्हणून मला तो परत लिहायचाय."

 ठकीला पहिल्यांदाच वाटलं, हा माणूस मागच्या सीटवर बसतो खरा, पण तिथून त्याला बरंच काही दिसतं.

"आणि ती मुलगी?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

"कोण, ती गाडीतली? ती काढून टाकतोय."

"काढून?"

"ती काही करतच नाही हो. बसते आणि मरते. आजच्या मुली हसतील."

ठकीने घड्याळात पाहिलं आणि आजचा तास संपला म्हणून सांगितलं. तास संपायला अजून वेळ होता. लेखक गोंधळला, पण मुकाट्याने गाडी वळवली.

त्या रात्री तिला राग आवरेना. काही करत नाही म्हणे! एक गोळी अंगावर झेलली आहे माझ्या आईने, आणि हा तिसऱ्या गिअरवर गाडी सुरू करणारा माणूस तिला खोडरबराने पुसून टाकणार? पण राग जरा निवला तशी एक नको ती गोष्ट मनात टोचू लागली. बसते आणि मरते... हे खोटं तर नव्हतं.

पुढच्या तासाला आभाळ गळत होतं. काचेवरचे वायपर कुईकुई करत होते, गाडीत ओल्या कपड्यांचा वास होता, आणि लेखक नाक काचेला टेकवून गाडी हाकत होता. ठकीने त्याला कडेला थांबायला सांगितलं. म्हणाली, पाऊस कमी झाला की निघू. मग समोर बघत बोलायला लागली.

"तिला काढू नका. ती काही करत नाही, कारण तिला कोणी काही करू देत नाही. पुढे बसवलंय, पण गाडी कुठे चालली आहे ते तिला कोणी सांगत नाही. कधी खिडकीबाहेर बघताना तिचा चेहरा पाहिलाय का? ती घाबरलेली नाहीये. ती कंटाळलेली आहे."

लेखक तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ, की ठकीला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते समजेना.

"कंटाळलेली," तो हळूच म्हणाला. "हे मला कसं नाही दिसलं?"

"तुम्ही कोटाकडे बघत होतात."

तो हसला. हसताना त्याच्या एका गालावर बारीकशी खळी पडायची. ती आधी दिसली नव्हती असं नाही... पण इतक्या जवळून दिसली नव्हती.

त्यानंतर तास लांबू लागले. शिकून झालं की लेखक पिशवीतून कागद काढायचा आणि गोदामाच्या भिंतीपाशी उभ्या गाडीत नवा प्रसंग वाचून दाखवायचा. मुलगी परत आली होती. आता ती शिंप्याच्या बायकोला ओळखत होती. आता ती बॉसला प्रश्न विचारत होती. ठकी ऐकायची, मधेच म्हणायची, "असं कोणी बोलत नाही," तो खोडायचा, आणि खोडताना त्याचा कोपर तिच्या कोपराला लागायचा... दोघंही ते लक्षात न आल्यासारखं करायचे. गाडी लहान होती हे एक बरं होतं.

"तुम्ही शेजारी असलात ना," तो एकदा म्हणाला, "की मला —"

"काय?"

त्याने उत्तर द्यायच्या नादात क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. वाक्य तिथेच राहिलं. ठकीने ते घरी नेलं आणि रात्रभर निरनिराळ्या तऱ्हांनी पूर्ण करून पाहिलं.

सांगायला हवं होतं आता. तिला रोज वाटायचं, आज सांगू. पण जितकं गोड होत चाललं होतं तितकं सांगणं अवघड झालं होतं. गुळाला हात चिकटावा तसं.

आणि मग तिला ताप आला. चांगला फणफणून आला. लेखकाचा तास आईने घेतला.

संध्याकाळी आई घरी आली, ठकीच्या उशाशी बसली आणि कपाळावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या लेखकाने आज गाडी फार सुंदर थांबवली. आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सगळं बिनचूक. आणि मग मला म्हणाला, तुम्ही त्याच ना?"

ठकी अंथरुणात उठून बसली.

आईने जे सांगितलं ते असं. गाडी चालू होती, आई सवयीने खिडकीबाहेर बघत होती, आणि त्याने एकदा वळून पाहिलं. चालकाच्या जागेवरून, बाजूने. अंगणात त्याने आईला कितीदा तरी नमस्कार केला होता, पण समोरून. समोरून ती म्हणजे आखूड पांढऱ्या केसांच्या, गॉगल लावणाऱ्या मोठ्या मॅडम. सिनेमात मात्र तिचा चेहरा बहुतेक वेळा बाजूनेच दिसायचा, बॉसच्या सीटवरून दिसावा तसा. केस पांढरे झाले तरी नाक कुठे बदलतं?

"मी म्हटलं, हो बाबा, मीच ती. मेलेली," आई म्हणाली. "मला वाटलं त्याला आनंद होईल. तर त्याचा चेहराच उतरला. विचारलं, छोट्या मॅडम तुमच्या कोण? म्हटलं, मुलगी.  मग त्याने गाडी नीट परत आणून लावली आणि पायी गेला." आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू त्याला सांगितलं नव्हतंस?"

ठकीने मान खाली घातली.

"नाव ठकी ठेवलं म्हणून लोकांना ठकवायचं असं नसतं गं," आई म्हणाली.

ताप उतरल्यावर ती ऑफिसात जाऊन बसली त्या दिवशी लेखक आला. आत आला, पण बसला नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं ठकीला नंतर वाटत राहिलं.

"तुझ्या आईला मी तुझ्यासमोर काढून टाकलं," तो म्हणाला. "बसते आणि मरते, असं म्हणालो. आणि तू ऐकत बसलीस."

तो पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणत होता. किती दिवस तिला वाटत होतं, हा कधीतरी तू म्हणेल. असा म्हणेल असं वाटलं नव्हतं.

"सांगितलं असतं तर तुम्ही खरं बोलला असतात?" तिने विचारलं.

 तो म्हणाला, "नसतो बोललो. पण मग ते खोटं माझं असतं. हे तुझं आहे." पुढे म्हणाला, "मला वाटत होतं, आपण दोघं मिळून काहीतरी लिहितोय. तू तर पहारा देत होतीस."

आणि तो गेला. पुढच्या तासाला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निळ्या गाडीत इतर लोक येऊन बसले, शिकले, चुकले. कोणी गाडीची माफी मागितली नाही.

आईने चार-पाच दिवस हे पाहिलं. मग एका दुपारी, दोघी जेवून उठल्यावर, तिने टीव्हीखालचा कप्पा उघडला, सिनेमा काढला आणि लावला. ठकी म्हणाली, कशाला आई. आई म्हणाली, बस गप.

बऱ्याच वर्षांनी ठकीने तो पाहिला. ओल्या गल्ल्या, कोट, सावल्या. बॉसने शिंप्याच्या दुकानाचं दार ढकललं तेव्हा ती पुढे वाकली आणि तिने मुद्दाम शिंप्याचा चेहरा शोधला. तो होता. क्षणभरच होता, अर्धा अंधारात. मग बॉसच्या गाडीत तिची आई दिसली, ठकीपेक्षाही लहान, खिडकीबाहेर बघणारी.

"या प्रसंगाच्या वेळी मी दिग्दर्शकांना म्हटलं होतं, एकदा मी गाडी चालवू का," आई म्हणाली. "सगळे हसले. कोणी वाईट नव्हते, प्रेमानेच हसले. म्हणाले, तू फक्त छान दिस. सिनेमा संपल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर गाडी शिकले. तुझा लेखक म्हणाला ते खरंच आहे. बसले आणि मेले."

"तुला वाईट नाही वाटलं? तो तुला काढून टाकणार होता."

"मला कशाने काढणार? मी इथे आहे." आईने तिच्याकडे पाहिलं. "ठके, तुला माझ्यासाठी वाईट वाटत नाहीये. तुला बाबांसाठी वाटतंय."

ठकीने सोफ्यावरची उशी मांडीवर ओढली.

"तुला वाटतं नवा सिनेमा आला की बाबांचं ते रडणं पुसलं जाईल. अगं, ते सिनेमासाठी कुठे रडायचे? दातांचा डॉक्टर. वर्षभर दुसऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढायचं. स्वतःचं कुठे काढणार? त्यांची आई गेली त्या वर्षी सगळ्यांत जास्त रडले होते, आठवतंय? तेव्हा तू हसली होतीस. लहान होतीस. त्यांना एक हक्काची जागा होती ती, एवढंच. तसा सिनेमा कोणी पुन्हा करो, न करो... बाबा त्यात नव्हते. इथे होते, या सोफ्यावर."

मग ठकी रडली. पडद्यावर गोळी सुटायच्या कितीतरी आधीच. आईने तिला थोपटलं, आणि बराच वेळ दोघींपैकी कोणी सिनेमाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठकी लेखकाच्या खोलीवर गेली. एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. जिन्यात साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास भरलेला होता, आणि खालच्या यंत्रांमुळे सगळी इमारत हलकेच थरथरत होती. दार उघडून तो तिच्याकडे बघत राहिला. जमिनीवर कागदच कागद होते.

तिने बाजू मांडली नाही. उंबऱ्यात उभी राहूनच तिने बाबांचं सगळं सांगितलं. रडणं, मटार, पातेलं, सगळं. म्हणाली, मी पहारा देत होते हे खरं आहे, पण आईवर नाही, त्या सोफ्यावर. आणि म्हणाली, तुम्हाला सांगितलं नाही ही माझी चूक झाली. आधी नाही सांगितलं ते तुम्ही खरं बोलावं म्हणून. नंतर नाही सांगितलं ते... तुम्ही यायचं थांबाल म्हणून.

यंत्रं खाली घरघरत होती. लेखकाने एक खुर्ची रिकामी केली. त्यावरचे कागद कुठे ठेवावेत ते न सुचून तसेच छातीशी धरले.

"उद्या निर्मात्याला वाचून दाखवायचंय," तो म्हणाला. "त्याला ती मुलगी नकोय. शिंप्याची बायको नकोय. त्याला आणखी बंदुका हव्यात आणि बॉसला आणखी एक कोट हवाय."

"मग?"

"मग काही नाही. ती राहणार. ती राहणार नसेल तर मी राहणार नाही." त्याने मान खाली घातली. "मोठ्या मॅडमना पाहिलं म्हणून नाही. त्याच्या आधीच ठरवलं होतं. त्या पावसात."

ठकी खुर्चीवर बसली. 

"उद्या कसे जाणार?" तिने विचारलं.

"बसने."

"मी सोडते."

दुसऱ्या दिवशी ती त्याला निर्मात्याच्या ऑफिसपाशी घेऊन गेली. वाटेत एका वळणावर तो म्हणाला, की गिअर इतका हळू बदलता येतो हे त्याला माहीत नव्हतं. काचेच्या मोठ्या दारातून तो आत गेला, आणि ठकी समोरच्या झाडाखाली गाडी लावून बसून राहिली. दुपार सरत होती. पानांच्या सावल्या टपावरून सरकत मागच्या काचेवर आल्या. तिने रेडिओ लावला, बंद केला. आरसा पुसला. इतका वेळ लागतोय म्हणजे भांडण असणार, आणि भांडण असेल तर याचा निभाव कसा लागणार, हा तर टपालपेटीलासुद्धा वाट देणारा माणूस.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाच्या बाह्या वर केलेल्या होत्या आणि केस विस्कटलेले. गाडीत बसला, दार लावलं आणि लांब श्वास सोडला.

"मुलगी राहिली," तो म्हणाला. "गाडीही तीच चालवणार. शेवटी ती मरत नाही, बॉसला मागे ठेवून निघून जाते. त्यावर तासभर भांडलो. मी टेबलावर हात आपटला. खरंच आपटला, बघ." त्याने लाल झालेला तळहात दाखवला.

"आणि शिंपी?"

त्याचा चेहरा जरा पडला. शिंप्याच्या बायकोचे प्रसंग गेले होते. शिंप्याला मिळून दोनच प्रसंग राहिले. पण त्याचा चेहरा दिसेल, पूर्ण उजेडात दिसेल, एवढं त्याने कबूल करून घेतलं होतं. बॉसला दुसरा कोटही मिळाला. काही लोक शिव्या देतील, जुन्याची सर नाही म्हणतील, आणि ते बरोबरही असेल, असं तो म्हणाला. जी कोणी नवी नटी येईल, तिला गाडी शिकावी लागेल. ती शिकायला क्लासला येईल, पण तिला मोठ्या मॅडमच शिकवायला हव्यात, असं त्याने निर्मात्याला सांगून टाकलं होतं.

"आईला न विचारता?"

"विचारलं. काल रात्री फोन केला होता. त्या म्हणाल्या, शिकवीन, पण तिने वेळेवर यायला हवं, नटी असेल आपल्या घरी."

ठकीला हसू आलं. हसता हसता तिने किल्ली फिरवायला हात पुढे केला, आणि त्याने तो हलकेच धरला. धरला आणि सोडला नाही.

"थांब ना जरा," तो म्हणाला. कान लाल होत चालले होते. "मला तू आवडतेस. हे मी कितीतरी तऱ्हांनी लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी वाचून बघितलं की वाटायचं, असं कोणी बोलत नाही."

ठकीने समोर बघितलं. रस्त्यावरून माणसं घरी निघाली होती. 

"संवाद अगदीच साधा आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो ना."

"लेखक म्हणवता स्वतःला..."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. ठकीने दुसऱ्या हाताने तो उचलला. पहिला हात अजून मोकळा नव्हता, आणि तिला तो मोकळा करायचाही नव्हता.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"झालं आई. मुलगी ठेवली त्यांनी. शेवटी मरतसुद्धा नाही. फक्त शिंप्याचे प्रसंग —"

"सिनेमाचं मला काय पडलंय," आई म्हणाली. "तो काही बोलला का?"

ठकीने वळून त्याच्याकडे पाहिलं. आईचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याने चष्मा काढला होता आणि पुसायचं विसरून नुसता हातात धरला होता.

"बोलला," ती म्हणाली.

"मग? तू काय म्हणालीस?"

पलीकडे आई वाट बघत होती. अलीकडे तोही वाट बघत होता, श्वास रोखून. ठकीने त्याच्यावरची नजर काढली नाही.

"मी हो म्हणतेय, आई," ती म्हणाली. "आत्ताच म्हणतेय... फोन ठेव."